करवत सर्वांत शेवटी : घरच्या घरी चित्रे फ्रेम करू इच्छिणाऱ्यांसाठी

चित्रे फ्रेम करायला शिकायचे ठरवले, की बहुतेक जण आधी करवत विकत घेतात. फ्रेमची लाकडी पट्टी ४५ अंशांत कापणे हा या कामातला सर्वांत नजरेत भरणारा भाग असल्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु तोच सर्वांत अवघड, सर्वांत आवाजाचा आणि सर्वांत धुळीचा भाग आहे, आणि कोथरूड किंवा सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरून तक्रार येईपर्यंतच तो करता येतो. शिवाय पट्टी मापाने कापून देणारा फ्रेमवाला पुण्याच्या पेठांमध्ये शोधला तर सापडतोच. कागदावरचे चित्र त्याला इजा न होता आत बसवणारा मात्र सहज सापडत नाही. म्हणून येथे क्रम उलटा ठेवला आहे : आधी माप आणि माउंट (चित्राभोवती बसणारा, मध्ये खिडकी कापलेला जाड बोर्ड), मग चित्र अडकवणे, मग काच व पाठ (मागची पाटी), त्यानंतर सांधे आणि करवत अगदी शेवटी. जेवणाच्या टेबलावर पहिल्या तीन गोष्टी उत्तम होतात, आणि चित्राचे आयुष्य त्यांवरच अवलंबून असते.

माप

पट्टी व काच विकणारे दुकानदार अजूनही इंच आणि सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरांहून थोडे मोठे असते, आणि तीन मिलिमीटरांची चूक फ्रेमच्या सांध्यात दारापासूनही दिसते. तेव्हा सर्व मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत, दुकानात ती कागदावर लिहून द्यावीत, आणि आरंभापासून शेवटपर्यंत एकच पोलादी मोजपट्टी वापरावी. सुताराचा गुंडाळीचा टेप या कामाला योग्य नाही, कारण त्याच्या टोकाच्या हुकाला मुद्दाम थोडा खेळ ठेवलेला असतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. जलरंगाच्या पाव ताव कागदावर, म्हणजे सुमारे २८० × ३८० मिलिमीटरांवर, उभे चित्र आहे असे समजा. माउंटच्या खिडकीने चित्राच्या कडा चारही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर झाकाव्यात, म्हणून खिडकी २७० × ३७० ठेवावी. वर आणि दोन्ही बाजूंना ६० मिलिमीटर व खाली ७० मिलिमीटर समास सोडला, तर माउंटचे बाहेरचे माप ३९० × ५०० होते. खालचा समास थोडा मोठा ठेवण्याची रूढी जुनी आहे आणि ती पाळावी. चारही समास सारखे ठेवले की चित्र खाली घसरल्यासारखे वाटते. काच, माउंट आणि पाठ हे तिन्ही याच मापाचे असतात. फ्रेमच्या पट्टीची आतली खाच, जिच्यात हे सारे बसते, ती मात्र त्यांच्यापेक्षा दोन मिलिमीटरांनी मोठी, म्हणजे ३९२ × ५०२ हवी. लाकूड आणि कागद दोन्ही पावसाळ्यात फुगतात, त्यामुळे काच खाचेत घट्ट ठोकून बसवणे धोक्याचे असते.

आता पट्टी. तिची रुंदी २० मिलिमीटर आणि खाचेची रुंदी ६ मिलिमीटर असेल, तर प्रत्येक बाजूची बाहेरची लांबी खाचेच्या मापापेक्षा २८ मिलिमीटरांनी वाढते, म्हणजे ४२० आणि ५३०. चारही बाजू मिळून १९०० मिलिमीटर झाले, आणि करवतीच्या पात्याने खाल्लेली जाडी धरून दोन मीटर पट्टी लागते. दुकानात उभे राहून चटकन हिशोब करायचा असल्यास काचेची परिमिती घ्यावी व तीत पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवावी. येथे १७८० अधिक १६०, म्हणजे १९४०. पट्टी सहसा नऊ-दहा फुटांच्या लांबीत मिळते, तेव्हा एका पट्टीत ही फ्रेम होऊन वर एखादी बाजू पुन्हा कापण्याइतका तुकडा उरतो.

रुंदीइतकेच खाचेच्या खोलीकडे लक्ष द्यावे, कारण नवशिके पट्टीचा नक्षीदार दर्शनी भाग पाहून ती घेतात आणि घरी आल्यावर आत काहीच मावत नाही. दोन मिलिमीटरांची काच, १.४ मिलिमीटरांची खिडकीची आणि तेवढ्याच जाडीची मागची अशा माउंट बोर्डाच्या दोन पाट्या, तीन मिलिमीटरांचा हार्डबोर्ड किंवा एमडीएफ मिळून आठ मिलिमीटर होतात. मागून ठोकायच्या बारीक चुकांसाठी (खिळ्यांसाठी) आणखी दोन धरले, तर दहा मिलिमीटरांपेक्षा उथळ खाच घेऊ नये.

माउंट

माउंट केवळ शोभेसाठी असतो असा समज आहे. त्याचे खरे काम चित्राला काचेपासून दूर ठेवण्याचे आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते. काचेच्या आतल्या बाजूस ओल धरली आणि चित्र तिला टेकलेले असले, की रंग काचेला चिकटतो किंवा बुरशीचे ठिपके उठतात. जुन्या छायाचित्रांच्या बाबतीत तर अख्खा थर काचेवर राहतो आणि तो सोडवणे घरच्या कारागिरीच्या पलीकडचे असते.

अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत माउंट बोर्ड मिळतो, परंतु घेताना तो आम्लमुक्त आहे का हे विचारावे. साध्या बोर्डाचा गाभा लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातले आम्ल हळूहळू चित्रात उतरते, आणि काही वर्षांनी खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. चित्र महत्त्वाचे असेल तर शंभर टक्के कापसाचा बोर्ड घ्यावा; पैसे वाचवायचे असतील तर ते पट्टीत वाचवावेत, चित्राला शिवणाऱ्या वस्तूत नव्हे. रंगाबाबत माझे मत जुन्या वळणाचे आहे : हस्तिदंती किंवा किंचित मळकट पांढरा बोर्ड दहापैकी नऊ चित्रांना चालतो, आणि लाल किंवा काळा माउंट पाहणाऱ्याचे लक्ष स्वतःकडेच ओढतो.

कापण्यासाठी तिरके पाते बसवलेला हाती माउंट कटर पुरेसा आहे. बोर्ड पालथा घालून मागच्या बाजूस खिडकीच्या चार रेघा पेन्सिलीने आखाव्यात आणि त्या कडेपर्यंत वाढवाव्यात, म्हणजे कोपऱ्यांत छेद स्पष्ट दिसतात. खाली टाकाऊ माउंट बोर्डाचा तुकडा ठेवावा, आणि प्रत्येक कापणीला त्याची जागा थोडी सरकवावी. नाहीतर पाते खालच्या जुन्या चरीत शिरून भरकटते. पात्याची खोली अशी ठेवावी की वरचा बोर्ड पूर्ण कापला जाईल आणि खालच्यावर फक्त ओरखडा उमटेल. पात्याचे टोक खिडकीच्या मध्याकडे नव्हे, तर बाहेरच्या कडेकडे झुकलेले असले पाहिजे; तरच बोर्ड उलटल्यावर तिरक्या कापाचा पांढरा उतार समोरून दिसतो. रेघांच्या छेदाच्या किंचित अलीकडे पाते टोचावे, एकाच संथ ओढीत दुसऱ्या छेदाच्या किंचित पुढे न्यावे आणि मध्ये थांबू नये. चारही बाजू कापल्यावर आतला तुकडा आपोआप सुटला पाहिजे. कोपऱ्यात तो अडकला, तर ओढून काढू नये, कारण वरचा कागद सालीसारखा सोलून निघतो. दाढीचे पातळ पाते समोरून त्याच उतारात सरकवून कोपरा मोकळा करावा. पाते दर माउंटला बदलावे. बोथट पात्याने उताराची कड केसाळ होते, आणि पात्याच्या मानाने बोर्ड फारच महाग असतो.

पहिला माउंट थेट चित्रासाठी कापू नये. टाकाऊ तुकड्यांवर चार कोपरे सलग स्वच्छ येईपर्यंत सराव करावा.

चित्र अडकवणे

येथे एकच नियम आहे : जे केले ते पुढे कधीही चित्राला इजा न करता सोडवता आले पाहिजे. त्यामुळे सेलोटेप, दुहेरी टेप, मास्किंग टेप, फेविकॉल आणि ‘ड्राय माउंटिंग’ (उष्णतेने चित्र बोर्डाला पूर्ण चिकटवणे) या सगळ्या गोष्टी मूळ चित्रासाठी बाद ठरतात. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत कागदात झिरपून पिवळा डाग पाडतो आणि तो डाग निघत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्र चारही बाजूंनी जखडू नये. कागद आषाढात ओल शोषून वाढतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. चारही कडा चिकटवल्या, तर त्याला जागा न उरल्यामुळे मध्ये लाटा उठतात. म्हणून तो फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगायचा असतो.

त्यासाठी पातळ, लांब धाग्यांचा जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. हा स्टार्च म्हणजे कुरडयांसाठी आपण जो चीक काढतो त्याचेच शुद्ध केलेले रूप आहे. एक भाग स्टार्च व चार-पाच भाग पाणी मंद आचेवर सतत ढवळत, पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवावी, गार झाल्यावर गाळणीतून दाबून काढावी आणि दोन-तीन दिवसांत संपेल एवढीच करावी. मैद्याची खळ करू नये. ती पिवळी पडते, कडक होते आणि कसर ओढून आणते. बाइंडिंगवाले खळ टिकावी म्हणून तीत मोरचूद घालतात, तेही येथे चालणार नाही, कारण तांब्याचे क्षार कागद जाळतात.

जपानी कागदाच्या साधारण २५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कात्रीने कापू नयेत. ओल्या कुंचल्याने रेघ ओढून त्या रेघेवर कागद हलक्या हाताने फाडावा, म्हणजे कड धाग्यांची व विरळ होते आणि चित्राच्या समोरच्या बाजूला तिचा वळ उमटत नाही. पट्टीच्या एका टोकाला पाच मिलिमीटर खळ लावून ती चित्राच्या मागे वरच्या कडेला चिकटवावी, वर टिपकागद आणि वजन ठेवून वाळू द्यावे. नंतर चित्र मागच्या बोर्डावर खिडकीशी जुळवून ठेवावे, पट्टीचे मोकळे टोक बोर्डावर येऊ द्यावे आणि त्यावर दुसरी पट्टी आडवी चिकटवावी. खळ घट्टसर असावी. पातळ खळीने चित्राचा कागद तेवढ्याच जागी आकसतो. ही पट्टी मुद्दाम चित्रापेक्षा कमकुवत ठेवायची असते, म्हणजे फ्रेम पडली तर फाटायची ती पट्टीच फाटेल.

खळ शिजवण्याची तयारी नसेल, तर छायाचित्रे आणि छापील चित्रे पॉलिस्टरच्या पारदर्शक कोपऱ्यांत अडकवावीत. त्यांत चित्राला डिंक लागतच नाही.

पुण्यातल्या जुन्या घरांतून १८७८ साली स्थापन झालेल्या चित्रशाळा छापखान्याची आणि राजा रविवर्म्याच्या छापखान्याची रंगीत शिळाछापे अजूनही निघतात, आणि नवी चौकट करण्यासाठी बहुधा तीच आधी हाती येतात. अशा चित्राच्या तळाशी छापखान्याचे नाव व चित्राचा मथळा असतो. जुनी फ्रेम पुन्हा वापरायची म्हणून तो समास कापणे हा प्रकार फार झालेला आहे. आपण तो करू नये, खिडकीच मोठी ठेवून मथळा दिसू द्यावा. चित्र पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेले असले किंवा कडा हात लावताच तुटत असल्या, तर तेथे थांबावे आणि कागद-संवर्धनाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे जावे.

कापडाचे थोडक्यात : पैठणीचा पदर किंवा भरतकाम कधीही चिकटवू नये, सुती कापडाने मढवलेल्या आम्लमुक्त बोर्डावर ते बारीक टाक्यांनी शिवावे. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काच लागत नाही.

काच, पाठ आणि टांगणे

दोन मिलिमीटरांची साधी काच काचवाल्याकडून मापाने कापून घ्यावी. काच कापायचा कटर पहिल्या वर्षात घेण्याचे कारण नाही. वरच्या उदाहरणातली काच सुमारे एक किलो वजनाची होते, हे टांगण्याचे सामान निवडताना लक्षात असू द्यावे. ॲक्रिलिक तिच्या निम्म्याहून हलके असते आणि फुटत नाही, परंतु त्यावर चरे लवकर पडतात आणि ते स्थिर विजेने धूळ ओढते. कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रावर ते लावले, तर रंगाची भुकटीच वर उचलली जाते. तेथे काचच हवी.

काच दोन्ही बाजूंनी जुन्या, मऊ सुती कापडाने पुसावी. द्रव कापडावर घ्यावा, काचेवर उडवू नये, आणि ॲक्रिलिकला अमोनिया असलेला द्रव मुळीच लावू नये. मग काच, माउंट, चित्र आणि मागचा बोर्ड एकत्र उचलून दिव्याखाली समोरून पाहावे. एखादे कुसळ किंवा केस आत राहिलेला असतोच. तो आत्ताच काढलेला बरा. हा संच पालथ्या फ्रेमच्या खाचेत बसवून वर हार्डबोर्ड ठेवावा आणि पाच-सात सेंटिमीटरांवर एक अशा बारीक चुका आडव्या ठोकाव्यात. ठोकताना फ्रेमच्या बाहेरून लाकडाचा जड ठोकळा टेकवून ठेवावा, म्हणजे हातोडीचा धक्का सांध्याला बसणार नाही. शेवटी पाठ व पट्टी यांमधली फट पाण्याने चिकटणाऱ्या तपकिरी कागदी टेपने चारही बाजूंनी बंद करावी. कसर आणि धूळ याच फटीतून आत जातात.

टांगण्याच्या कड्या उंचीच्या वरच्या एक-तृतीयांशावर, लाकडातच स्क्रूने बसवाव्यात, हार्डबोर्डात नव्हे. खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टच्या किंवा बुचाच्या चकत्या चिकटवल्या, की फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागे हवा खेळते. पावसाळ्यात ज्या बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिच्यावर कितीही चांगली फ्रेम टिकणार नाही. त्या चित्राला आतली भिंत द्यावी. विटांच्या भिंतीत ६ मिलिमीटरांचे छिद्र पाडून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू बसवणे पुरेसे होते.

सांधे

येथवर हात बसला, की फ्रेमवाल्याकडून चार बाजू कापून आणून त्या स्वतः जोडायला घ्याव्यात. आधी सरस न लावता चारही तुकडे सपाट पृष्ठभागावर जुळवून पाहावेत. समोरासमोरच्या बाजू पाठीला पाठ लावून धराव्यात. बोटाने चाचपल्यावर टोकाला पायरी जाणवली, तर लांबी सारखी नाही आणि सरसाने ती सारखी होणार नाही.

कापलेले टोक लाकडाचे आडवे तंतू उघडे करते आणि ते सरस पिऊन टाकते. म्हणून पांढऱ्या (फेविकॉलसारख्या) सरसाचा पहिला पातळ हात देऊन काही मिनिटे थांबावे, मग दुसरा हात देऊन जोडावे. पट्ट्याचा क्लॅम्प चारही कोपऱ्यांभोवती आवळावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तरच फ्रेम काटकोनात आहे. फरक असेल तर मोठ्या कर्णाच्या दिशेने हलकेच दाबावे. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसावा, कारण वाळलेल्या सरसावर पॉलिश चढत नाही. अर्ध्या तासाने क्लॅम्प काढता येतो, पण चुका मारण्याआधी दिवसभर जाऊ द्यावा आणि श्रावणात त्याहून अधिक. प्रत्येक सांध्यात एक मिलिमीटरचे छिद्र पाडून इंचभर लांबीची एक-दोन बारीक चूक मारली, की एवढ्या फ्रेमला पुरते. पायाने चालवायचे, इंग्रजी व्ही आकाराची चूक मारणारे यंत्र आठवड्याला डझनभर फ्रेमा होऊ लागल्यावर घ्यावे.

बाजारात मिळणारी सोनेरी नक्षीची सिंथेटिक पट्टी लाकडाची नसते, त्यामुळे पांढरा सरस तिच्यात मुरत नाही आणि सांधा नंतर उघडतो. तिला प्लास्टिक जोडणारा चिकटपदार्थ लागतो. शिकताना साधी पाइन किंवा सागवानी पट्टी घ्यावी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चौकशी केली, तर मापाची खाच पाडूनही मिळते.

करवत

कोन अर्ध्या अंशाने चुकला तर काय होते, हे आधी समजून घ्यावे. फ्रेमला आठ कापण्या असतात. प्रत्येकीत अर्धा अंश गेला, तर तीन सांधे दाबून मिटवल्यावर चौथ्यात चार अंशांची फट उघडते, आणि २० मिलिमीटरांच्या पट्टीत ती टोकाला दोन मिलिमीटर भरते. भुसा आणि सरस कालवून अशी फट बुजवण्याची पद्धत आहे, पण ती बुजवलेली फट दिसतेच.

म्हणून प्लास्टिकची माइटर पेटी (करवत ४५ अंशांत चालवण्यासाठी चरी असलेली पेटी) घेऊ नये. तिच्या चरी काही दिवसांत रुंद होतात. पोलादी मार्गांतून चालणारी, ४५ अंशांवर खटकीने अडकणारी हाती माइटर करवत नवशिक्याला सर्वांत योग्य आहे आणि फ्लॅटमध्येही चालते. विजेची करवत घेतलीच, तर १० इंची पात्याला ८० किंवा त्याहून अधिक दात हवेत, आणि चष्मा व मास्क लावल्याशिवाय ती सुरू करू नये. कोन तपासायला चांगला पोलादी गुण्या लागतो. तो रविवार पेठेतल्या बोहरी आळीत नवा मिळतो. बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही असतो, मात्र घेण्याआधी सरळ कडेच्या फळीवर त्याने रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढावी, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तरच पैसे द्यावेत.

पट्टीचे दोन टाकाऊ तुकडे कापून, जोडून गुण्यात बसतात का ते आधी पाहावे. मग करवतीच्या टेबलावर योग्य अंतरावर एक ठोकळा पक्का करावा आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजू त्याला टेकवून कापाव्यात. पेन्सिलीच्या खुणेवर दोनदा कापलेले तुकडे कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. लांब बाजू आधी कापाव्यात. त्यांत चूक झाली तर तोच तुकडा आखूड बाजूसाठी वापरता येतो. आखूड बाजू आधी कापून झालेली चूक मात्र कुठेच वापरता येत नाही. उरलेल्या तुकड्यावर पट्टीचा क्रमांक आणि दुकान लिहून ठेवावे, कारण तीच पट्टी पुढच्या खेपेस मिळेल याची खात्री नसते, आणि जोडीचे दुसरे चित्र बहुधा वर्षभराने येते.